स्वमग्न बालकाचा भावनिक उद्रेक : घर, शाळा व गाव यांचे काम

नाशिक येथे गोदाघाटावर, रामकुंडाजवळ, दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिककर नदीचा पूर या मूर्तीवर मोजतात. पाणी मारुतीच्या पायाला लागले, गुडघ्यापर्यंत आले, कमरेला टेकले, छातीपर्यंत चढले, अशा शब्दांत शहरभर वार्ता पसरते. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यातील पुरात ही मूर्ती पाण्याखाली गेली होती. घाटावरील दुकानदार मात्र पाणी मारुतीच्या गळ्याशी येईपर्यंत थांबत नाहीत. धरणातून विसर्ग वाढविल्याची सूचना मिळताच टपऱ्या हलतात, माल उचलला जातो. पाणी चढल्यावर हाती काही उरत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

स्वमग्नतेच्या ज्या प्रकारास दीर्घकाळ ‘अ‍ॅस्पर्जर’ या नावाने ओळखले गेले, त्या प्रकारच्या मुलांच्या बाबतीत वडीलधाऱ्या मंडळींकडून नेमकी याच्या उलट वर्तणूक घडते. ही मुले बोलतात, वाचतात, पुष्कळदा गणितात किंवा पाठांतरात इतरांच्या पुढे असतात. परंतु अधूनमधून त्यांच्या भावनांचा असा उद्रेक होतो की, घर किंवा वर्ग हादरून जातो. मूल किंचाळते, वस्तू फेकते, स्वतःचे डोके आपटते, मनगट चावते. त्या वेळी सारे धावतात, रागावतात, समजावतात, मारतातही. त्यापूर्वी अर्धा-पाऊण तास पाणी पायापासून छातीपर्यंत चढत होते, त्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. अशा मुलाला मदत करावयाची असेल तर तिचा मोठा भाग उद्रेकाच्या आधीच करावा लागतो. त्यासाठी विशेष उपकरणे लागत नाहीत; पातळी वाचण्याची सवय लागते.

एक उदाहरण कल्पून पाहिल्यास हे स्पष्ट होईल. समजा, निफाड तालुक्यातील एखाद्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत शिकणारा एक मुलगा आहे. गावावरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीची वेळ त्याला तोंडपाठ आहे. पाढे बिनचूक म्हणतो. मित्र मात्र नाही. आदल्या रात्री गावात लग्न होते. ध्वनिवर्धक उशिरापर्यंत वाजत राहिला आणि त्याची झोप झाली नाही. सकाळी नवा गणवेश घातला, त्याच्या कॉलरची शिवण मानेला टोचत राहिली. शाळेत आल्यावर कळले की नेहमीचे गुरुजी प्रशिक्षणाला गेले आहेत. बदली आलेल्या बाईंनी त्याला खिडकीजवळच्या नेहमीच्या जागेवरून उठवून दुसऱ्या रांगेत बसविले. परिपाठ झालाच नाही. दुपारी पोषण आहाराच्या ताटांचा खणखणाट सुरू असताना शेजारच्या मुलाने न विचारता त्याची पेन्सिल घेतली. हा मुलगा किंचाळला, दप्तर भिरकावले आणि कानांवर हात दाबून बाकाखाली शिरला. बाई म्हणाल्या, “एका पेन्सिलीसाठी एवढा तमाशा?”

पेन्सिल हे केवळ शेवटचे निमित्त होते. रात्रीच्या आवाजाने पाणी पायाला लागले, कॉलरने ते गुडघ्याशी आणले, गुरुजींच्या अनुपस्थितीने कमरेशी, जागा बदलल्याने छातीशी. बाईंनी पाहिली ती फक्त पेन्सिल. त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. सकाळपासूनची ही बेरीज त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

नाव आणि त्याचा इतिहास

हान्स अ‍ॅस्पर्जर हे व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४४ साली अशा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला होता. आणि त्याही पूर्वी, १९२० च्या दशकात, मॉस्कोतील ग्रुन्या सुखारेवा या महिला डॉक्टरांनी अशाच मुलांची बारकाईने नोंद करून ठेवली होती. ‘अ‍ॅस्पर्जर’ हे नाव रूढ केले ते ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी, १९८१ साली. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या.

पुढे हे नाव मागे पडत गेले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये ते आपल्या निदानपुस्तिकेतून वगळून स्वमग्नतेच्या एकाच विस्तृत वर्णपटात सामावून घेतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तोच मार्ग स्वीकारला गेला. याखेरीज, नाझी राजवटीत अ‍ॅस्पर्जर यांनी काही अपंग मुलांना जेथे मुलांचा जीव घेतला जात असे अशा संस्थेत पाठविल्याचे पुरावे २०१८ साली समोर आल्याने अनेकांना ते नाव नकोसे झाले. तथापि जुन्या कागदपत्रांत आणि पालकांच्या बोलण्यात ते अद्याप आढळते. आजचे डॉक्टर त्याच मुलासंबंधी ‘स्वमग्नता वर्णपट’ अशी नोंद करतात, एवढे शिक्षकांनी व कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी लक्षात ठेवावे. नाव वेगळे दिसले म्हणून अर्ज परत पाठविण्याचे कारण नाही.

‘स्वमग्न’ हा मराठी शब्द सुरेख असला तरी त्याने थोडी दिशाभूल होते. हे मूल स्वतःतच रमलेले असते आणि बाहेरचे त्याला काही जाणवत नाही, असा समज त्यातून होतो. वस्तुतः अनेक मुलांच्या बाबतीत बाहेरचे जाणवते ते फार अधिक. पंख्याची घरघर, खडूचा आवाज, शेजारच्या डब्यातील लसणाचा वास, अंगाला लागलेला ओला कपडा, यांपैकी बहुतेक गोष्टी इतरांचा मेंदू आपोआप बाजूला सारतो. या मुलांना त्या सर्व एकाच जोराने येऊन भिडतात.

हट्ट आणि उद्रेक

हट्ट आणि उद्रेक यांतील फरक ओळखता न आल्याने सर्वांत जास्त नुकसान होते. हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवे असते. रडता रडता ते आई पाहते आहे की नाही, याचा अंदाज घेते. ती स्वयंपाकघरात गेली की त्याचा आवाज उतरतो. हवे ते मिळाले की रडणे थांबते. उद्रेकात यांपैकी काहीही घडत नाही. कोणी पाहत असो वा नसो, तो चालू राहतो. पेन्सिल परत दिली तरी थांबत नाही. त्या वेळी मूल काही मागत नसते. त्याची सहनशक्ती संपलेली असते. बोललेले त्याला समजत नाही आणि स्वतःला बोलता येत नाही. एरवी फर्डे बोलणारे मूलही मुके होते. नंतर ते थकून झोपते, पुष्कळदा लाजते, आणि मध्ये काय घडले ते त्याला नीट आठवतही नाही.

शिक्षेचा किंवा बक्षिसाचा उपयोग हट्टावर काही प्रमाणात होतो. उद्रेकावर होत नाही. पुरात सापडलेल्यास पोहण्याचे नियम समजावून सांगण्यासारखेच ते आहे.

काही मुलांचा उद्रेक बाहेर दिसतच नाही. ती गोठतात, एका जागी बसून राहतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत. मुलींमध्ये हा प्रकार विशेषतः नजरेतून सुटतो, कारण गप्प बसणारी मुलगी ही शाळेला गुणी वाटते. दुसरा एक प्रकार शिक्षक व पालक यांच्यात वाद निर्माण करणारा आहे. मूल शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरते आणि घरचा उंबरठा ओलांडताच कोसळते. “आमच्याकडे तर शहाण्यासारखा असतो, तुमचेच लाड नडतात,” असे शाळा म्हणते. आई निरुत्तर होते. वास्तविक शाळेत चढलेले पाणीच घरी बांध फोडत असते, आणि घर ही त्या मुलाला सुरक्षित वाटणारी जागा असल्याने ते तेथेच फुटते.

भाषेमुळेही पाणी चढते. ही मुले शब्दाचा सरळ अर्थ घेतात. “दोन मिनिटांत येतो,” असे सांगून वडील अर्ध्या तासाने आले तर त्यांच्या दृष्टीने ती लबाडी ठरते. “तुझे लक्ष कुठे आहे?” या प्रश्नावर “खिडकीकडे,” असे उत्तर येते आणि ते उद्धटपणाचे मानले जाते. “पाय मोडून ठेवीन,” हे वाक्य आपल्याकडे किती सहजपणे उच्चारले जाते! अशा मुलाला ते रात्रभर झोपू देत नाही.

पाणी चढू लागते तेव्हा

प्रत्येक मुलाची पूर्वचिन्हे निराळी असतात, परंतु एकाच मुलाची बहुधा तीच ती असतात. एखादे येरझारा घालू लागते, एखादे तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारते, एखाद्याचे कान लाल होतात, एखादे हात झटकते किंवा शर्टाची बाही चघळते. आवाज चढणे किंवा अचानक गप्प होणे हीदेखील चिन्हे आहेत. ती ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे एक साधी वही. प्रत्येक उद्रेकानंतर आधी काय घडले, प्रत्यक्ष काय झाले आणि नंतर कोणी काय केले, अशा तीन रकान्यांत नोंद करावी. आधीच्या रकान्यात केवळ पाच मिनिटांपूर्वीचे न लिहिता झोप, जेवण, शौचास झाली की नाही, दात किंवा पोट दुखते काय, घरी पाहुणे आले होते काय, हेही लिहावे. या मुलांपैकी अनेकांना स्वतःची भूक किंवा दुखणे नेमके ओळखता व सांगता येत नाही. तीन-चार आठवड्यांच्या नोंदींतून एखादा असा धागा हाती लागतो की, घरची माणसे आश्चर्यचकित होतात. दर मंगळवारी होणारा उद्रेक आठवडी बाजाराच्या गोंगाटाशी किंवा उपवासाच्या दिवशी बदललेल्या जेवणाशी जोडलेला निघावा, यात नवल काही नाही.

ही पातळी मुलाला स्वतःलाही वाचता आली पाहिजे. “तुला राग आला आहे का?” या प्रश्नाचे उत्तर त्याला देता येत नाही, कारण भावनांना नावे देणे हीच त्याची अडचण असते. आकडा किंवा रेघ मात्र त्याला समजते. पाच पायऱ्यांची पट्टी हे साधन यासाठी अनेक देशांत वापरले जाते. नाशिकच्या मुलाला मारुतीचे चित्र काढून पाय, गुडघा, कंबर, छाती व तोंड अशा पाच रेघा ओढून देता येतील. “आता पाणी कुठे आहे?” असे विचारले की मूल रेघेवर बोट ठेवते. कमरेच्या रेघेशी काय करावयाचे, हे शांत असताना त्याच्याशी आधीच ठरवून ठेवावे : वर्गाबाहेर जाऊन पाणी पिऊन येणे, वाचनालयाच्या कोपऱ्यात बसणे, आवडीच्या एसटीच्या वेळा लिहीत राहणे. हे शिकण्यास काही महिने लागतात आणि आरंभी ते हमखास चुकते. उद्रेकाच्या वेळी हे चित्र पुढे करून उपयोग नाही.

निम्मे उद्रेक अनिश्चिततेतून उद्भवतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून दिवसाचे वेळापत्रक चित्रांत किंवा शब्दांत भिंतीवर लावणे, बदल होणार असल्यास आदल्या दिवशी सांगणे, “आधी हे, मग ते” असा क्रम दाखविणे, हे उपाय साधे असूनही फार गुणकारी ठरतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून राज्यव्यापी स्वरूपात चालविलेल्या शिक्षणपद्धतीचा पायाच हा होता : जे ऐकून कळत नाही ते पाहून कळू द्यावे. आपल्या शाळांत फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचे तास लिहून ठेवण्याची पद्धत होतीच. ती चालू ठेवली तरी पुष्कळ काम होईल, आणि त्याचा फायदा वर्गातील सर्वच मुलांना होईल.

उद्रेकाच्या वेळी

पाणी डोक्यावरून गेले की शिकविण्याचा काळ संपला. आता फक्त सुरक्षितता पाहावयाची. सभोवतालच्या मुलांना शांतपणे बाहेर न्यावे. मुलाला ओढून नेण्यापेक्षा गर्दी हलविणे सोपे असते. कठीण व धारदार वस्तू दूर कराव्यात. पंखा, रेडिओ, दूरदर्शन, उजेड यांपैकी जे बंद करता येईल ते करावे. एकाच व्यक्तीने जवळ थांबावे, थोडे बाजूला बसावे, आणि बोलायचेच असेल तर दोन-तीन शब्दांत, हळू आवाजात. “मी इथे आहे,” एवढे पुरे. “माझ्याकडे बघ,” असे सांगू नये. नजरेला नजर देणे हा त्या क्षणी आणखी एक भार असतो.

मूल डोके आपटत असेल तर डोके आणि भिंत यांच्यामध्ये उशी किंवा घडी घातलेली गोधडी धरावी. काही मुलांना जाड गोधडीचे वजन अंगावर घेतल्याने बरे वाटते, काहींना स्पर्शच सोसत नाही. ते आधी माहीत असावे लागते. चार जणांनी धरून जमिनीवर दाबून ठेवणे, पालथे पाडून छातीवर भार देणे, खोलीत कोंडून कडी लावणे हे प्रकार कदापि होता कामा नयेत. दाबून धरल्याने श्वास कोंडू शकतो आणि भीतीने उद्रेक वाढतो. स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा प्रत्यक्ष धोका असेल, मूल रस्त्यावर धावत सुटले असेल, तरच आणि तेवढ्यापुरतेच धरावे.

मोबाईलवर चित्रण करणाऱ्यास तेथून घालवून द्यावे.

ओसरल्यावर

पूर ओसरला तरी घाटावर गाळ राहतो, आणि लगेच दुकाने मांडता येत नाहीत. उद्रेकानंतरचा पाऊण-एक तास असाच असतो. मूल शांत दिसते म्हणून “आता सांग, असे का केलेस?” असा जाब सुरू केल्यास दुसरा उद्रेक ओढवतो. पाणी द्यावे, निजू द्यावे. माफी मागण्याची सक्ती नको. बोलणे त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि तेही दोषाच्या भाषेत न करता घटनांच्या क्रमाने : आधी हे झाले, मग हे झाले, पुढच्या वेळी येथे काय करता येईल? चित्रे काढून बोलल्यास सोपे जाते. फेकलेली पुस्तके नंतर सर्वांनी मिळून उचलावीत; त्यात मुलानेही हात लावावा. इतरांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई शिकविणे योग्यच आहे, फक्त ती वेळ निराळी.

आईलाही विश्रांती लागते. अशा घरांतील स्त्रिया वर्षानुवर्षे लग्नकार्याला जात नाहीत, बसने प्रवास करीत नाहीत, शेजाऱ्यांकडे जाणे टाळतात. दोन तास मुलाजवळ बसू शकेल अशी एखादी आत्या किंवा मामी, जिला त्याची चिन्हे ठाऊक आहेत, ही अनेक उपचारांपेक्षा मोलाची मदत ठरते.

दोष कोणाचा?

विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांतील काही नामांकित तज्ज्ञदेखील स्वमग्नतेचे खापर आईच्या थंड वागणुकीवर फोडीत असत. एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली हा सिद्धांत खोडून काढला आणि पुढील संशोधनाने मेंदूच्या जन्मजात वाढीतील फरक व त्यातील अनुवंशिकतेचा मोठा वाटा स्पष्ट केला. आपल्याकडे आईवरील आरोपाचे स्वरूप वेगळे, पण परिणाम तोच. लाडाने बिघडला, मोबाईलने बिघडला, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, बाहेरची बाधा झाली. पेठ-सुरगाण्याकडेच असे घडते असे मानण्याचे कारण नाही. नाशिक शहरातील सुशिक्षित घरांतूनही असे मूल भगताकडे नेले जाते. उद्रेकाला ‘अंगात येणे’ समजून भूत उतरविण्यासाठी मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे पंचायत सदस्यांनी गावात स्पष्टपणे सांगावयास हवे. तसेच स्वमग्नता मुळातून बरी करण्याचा दावा करणाऱ्या महागड्या उपचारांपासून, मग त्यांत मूलपेशींचे नाव का असेना, पालकांना सावध करावे. तीव्र चिडचिड कमी करणारी काही औषधे तज्ज्ञ देतात. ती त्यांच्याच देखरेखीखाली घ्यावयाची असतात व त्यांचे दुष्परिणामही असतात.

या जिल्ह्यात पालकांच्या पुढाकाराची परंपरा आहे. नाशिक येथे १९७७ साली रजनीताई लिमये यांनी मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा सुरू केली. त्या स्वतः शिक्षिका होत्या आणि अशाच एका मुलाच्या आई. ती शाळा स्वमग्न मुलांसाठी म्हणून निघाली नव्हती, आणि बुद्धीने तल्लख असलेल्या अ‍ॅस्पर्जर प्रकारच्या मुलाची जागा सामान्य शाळेतच असते. परंतु अशी मुले घरात लपविण्याची नसून त्यांना शिकविता येते, ही गोष्ट नाशिकच्या मध्यमवर्गाने त्या काळी डोळ्यांनी पाहिली, हे त्या कामाचे फळ मानावे लागेल.

कायदा आणि शासकीय यंत्रणा

कायद्याने या मुलांची दखल उशिरा घेतली. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ती आली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यानुसार मान्यताप्राप्त व अनुदानित शाळांनी अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा आहे व त्याच्या गरजेनुसार सोय करावयाची आहे. वर्गाबाहेर पाच मिनिटे जाण्याची परवानगी किंवा नेमून दिलेली जागा, ही अशीच सोय होय. ती शिक्षकाची मेहेरबानी नव्हे. छडीविषयी तर शंकेला जागाच नाही : शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे.

निदानाची वाट अंगणवाडीपासून सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याची आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात आणि आवश्यक त्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. येथे एक व्यावहारिक अडचण आहे. चुरूचुरू बोलणारे, पाढे म्हणून दाखविणारे मूल पथकाच्या नजरेत भरत नाही. त्याच्याविषयी सांगू शकतात ते शिक्षकच, आणि त्यांची वही अशा वेळी उपयोगी पडते.

प्रमाणपत्रासाठी भारतीय मुलांकरिता तयार केलेली ४० प्रश्नांची मापनपट्टी वापरली जाते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ व लेखनिक यांविषयी केंद्र शासनाने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. शालान्त परीक्षेच्या सवलतींसाठी मुख्याध्यापकांमार्फत वेळेत प्रस्ताव जाणे आवश्यक असते. जादा वेळेइतकीच गरज शांत, कमी गर्दीच्या खोलीची असते, आणि केंद्रसंचालकांच्या सहानुभूतीने ती भागू शकते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. त्यात उपचारपद्धतींच्या नियमित खर्चाचाही अंतर्भाव आहे. वर्गातील प्रत्यक्ष मार्गदर्शनासाठी गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवावे. ते आले की वर्गशिक्षकाने स्टाफरूममध्ये जाऊन बसू नये, एवढी सूचना येथे अप्रस्तुत ठरू नये.

ग्रामपंचायत काय करू शकते

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावयाचा असतो. अनेक ठिकाणी तो तीनचाकी सायकली किंवा किरकोळ वस्तूंच्या वाटपात संपतो. शाळेतील एका रिकाम्या कोपऱ्याला पडदा, सतरंजी, दोन उशा आणि कानांवर लावण्याची आवाजरोधक साधने, एवढ्याने एक शांत जागा तयार होते. तिचा खर्च फारसा नाही, पण तो मागण्यास ग्रामसभेत कोणी उभे राहत नाही, कारण ही गरज डोळ्यांना दिसत नाही.

आवाजाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. नाशिक ढोल हे या जिल्ह्याचे भूषण. गणेशोत्सवातील मिरवणूक, रंगपंचमीच्या रहाडीतील उड्या, यांवर नाशिककरांचा जीव आहे आणि तो असावा. त्यात काही बंद करण्याची मागणी येथे नाही. परंतु २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा व रुग्णालये यांच्या भोवतालचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते, आणि शासनाने ठरवून दिलेले सणांचे अपवाद सोडल्यास रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकांस बंदी आहे. याशिवाय मंडळाने मिरवणुकीचा मार्ग व वेळ आदल्या दिवशी संबंधित घराला कळविली तर ते कुटुंब मुलाला घेऊन तेवढा वेळ मळ्यात किंवा नातेवाइकांकडे जाऊ शकते. एका निरोपाने हे होते. गावातील अशी घरे आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांना माहीत असतात.

२०२७ च्या पावसाळ्यात नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थाची प्रमुख स्नाने होतील. ज्या घरात असे मूल आहे, त्या घरच्यांनी गर्दीच्या दिवशी घाटावर जाण्याचा आग्रह न धरणे इष्ट. जाणेच झाले तर पहाटेची वेळ आणि परतीचा मार्ग आधी ठरवून, मुलाला छायाचित्रांवरून सारे दाखवून मगच निघावे. अशी मुले गर्दीत घाबरली की पाण्याकडे किंवा मोकळ्या रस्त्याकडे धावत सुटतात आणि नाव विचारले तर त्या क्षणी सांगू शकत नाहीत. म्हणून मुलाच्या खिशात एक कार्ड असावे. त्यावर पालकांचा दूरध्वनी क्रमांक आणि खाली ठळक अक्षरांत तीन ओळी : मी स्वमग्न आहे. मला हात लावू नका, ओरडू नका. माझ्याजवळ थांबा आणि या क्रमांकावर कळवा. बंदोबस्तावरील पोलिसांना व स्वयंसेवकांना अशा कार्डाची माहिती त्यांच्या प्रशिक्षणातच दिली गेली पाहिजे, आणि त्यासाठीचा प्रस्ताव ग्रामपंचायती व शाळा यांनी आतापासूनच तहसीलदारांकडे पाठविण्यास हरकत नाही.